उदगीरला ठेवलेली गाडी

माझा धंदा कवळ्या करण्याचा. नांदेडात दवाखान्यांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दहा बाय बाराची माझी लॅब आहे. तिथं मी तीस वर्षं लोकांचे दात घडवतोय. डॉक्टर माप पाठवतात, मी दात पाठवतो. ज्या तोंडात ते बसतात ती तोंडं मला कधी दिसत नाहीत, आणि आता खरं सांगायचं तर बघावीशीही वाटत नाहीत. असा माणूस वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी वीतभर लांबीची मोटार करायला बसला, तर त्याला काहीतरी कारण असणार. कारण साधं होतं. मी थोरल्या भावाशी खोटं बोललो होतो आणि त्या खोट्याचा फोटो त्याला हवा होता.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. लातूरला औसा रोडच्या बाजूला त्याचं गॅरेज होतं. गॅरेजच्या मागं घर, म्हणजे खाली पत्र्याच्या दाराचं शेड आणि वर दोन खोल्या. शिक्षण आम्हा दोघांच्या वाट्याला एकाच माणसापुरतं आलं, ते मला मिळालं. त्याबद्दल त्यानं मला कधी ऐकवलं नाही. त्यापेक्षा ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

शेडमध्ये ती गाडी उभी असायची. अमेरिकन बनावटीची, निजामाच्या काळातली. बिलोलीकडं एका जुन्या देशमुखांच्या गोठ्यात ती भावाला सापडली होती. तिच्यात कडबा भरलेला होता आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालकीणबाई म्हणाल्या, गाडी घेऊन जा, पण पिल्लं निघू द्या. भाऊ परत लातूरला आला आणि तीन आठवड्यांनी ट्रॅक्टर घेऊन पुन्हा गेला. मी तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं.

पुढची चार वर्षं गिऱ्हाइकांच्या जीपा सांभाळून उरलेल्या वेळात त्यानं ती गाडी घडवली. मूळचं इंजिन दगड झालं होतं. त्या जागी अपघातातल्या एका जीपचं डिझेल इंजिन बसवलं. छत कापून चार बोटं खाली घेतलं, त्यामुळं काचा अरुंद झाल्या आणि गाडी डोळे बारीक करून बघतेय असं वाटायचं. मागची चाकं मोठी, पुढची लहान. बॉनेटच्या दोन्ही बाजू काढून टाकल्या, कारण इंजिन झाकायची त्याला लाज वाटायची. आणि सगळी गाडी निळी. अमेरिकेत ह्या प्रकाराला हॉट रॉड म्हणतात, तिथं लोक ह्याच्या जत्रा भरवतात, हे मला फार उशिरा मोबाइलवर कळलं. भावाला तो शब्द माहीत नव्हता. कुणी विचारलं, हे काय आहे, तर तो म्हणायचा, "गाडी हाय."

चौदा एप्रिलला मिरवणुकीत ती सगळ्यांच्या पुढं असायची. पांढरा शर्ट घालून भाऊ चालवायचा, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, क्लचचा जळका वास येईपर्यंत. लग्नसराईत किल्लारी, निलंगा, मुखेड, कुठून कुठून वरातीसाठी बोलावणं यायचं. नवरदेव मागं बसायचा, आणि बघे मात्र भावाकडं बघायचे. कागदपत्रांचं विचारू नका. तालुक्यातल्या कुठल्याच पोलिसानं विचारलं नाही, कारण निम्म्यांच्या वराती तिच्यातूनच निघाल्या होत्या.

मग त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीन आठवडे दवाखान्यात ठेवलं, मग घरी पाठवलं. घरी म्हणजे वर. चौघांनी खुर्चीत घालून त्याला जिन्यानं चढवलं, तेव्हाच मला कळलं की हे रोज जमणारं नाही. डॉक्टर म्हणाले, ह्यांना खालीच ठेवा, मोकळी हवा, सपाट जमीन, शेजारी कमोड. खाली एकच जागा होती, ती गाडीची.

आता मी जे केलं ते सांगतो. उदगीरला भावाचा एक जुना मित्र आहे, त्याचं मोठं आवार आहे. मी त्याला फोन केला. तो लगेच म्हणाला, गाडी माझ्याकडं ठेवा, भावाची वस्तू आहे, काही काळजी करू नका. फक्त दोन आठवडे थांबा, क्रेन दुसरीकडं कामाला गेलीय. कित्येक महिने उभी राहून चाकं जाम झाली होती, क्रेनशिवाय गाडी हलणार नव्हती. मी दोन आठवडे थांबलो नाही. माझ्या लॅबमध्ये कवळ्या साचल्या होत्या, डॉक्टरांचे फोन येत होते, दवाखान्याच्या बाकावर झोपून पाठ कामातून गेली होती. गवंडी सोमवारी येतो म्हणाला होता. मला कामं संपवून नांदेडला जायचं होतं आणि माझ्या अंथरुणावर पडायचं होतं. मी भंगारवाल्याला बोलावलं.

त्या आठवड्यात गल्ली गटारीसाठी खणलेली होती, टेम्पो आत येईना. भंगारवाला म्हणाला, कापूनच न्यावी लागेल. दिवसाढवळ्या, शेडच्या दारात, त्यानं गॅस कटरनं गाडीचे तीन तुकडे केले. वर वहिनीनं टीव्ही मोठा लावला. मी खाली उभा होतो. शेजारचे चार लोक येऊन बघत होते, त्यांतल्या एकानं खिशातून मोबाइल काढला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. ओरडायला तो सोपा होता.

भाऊ त्या दिवसांत कुणाला ओळखत नव्हता. डोळे छताला, तोंडातून लाळ. डॉक्टर म्हणाले होते, आत्ता त्यांना काही कळत नसावं. हे वाक्य मी औषधासारखं सकाळ-संध्याकाळ घेत होतो.

शेडची खोली झाली. पांढऱ्या फरश्या, रुंद दार, खिडकी, भिंतीला धरायला पाइप. भावाला खाली आणला. मी दर महिन्याला एखादी चक्कर मारायचो. तिसऱ्या महिन्यात मी गेलो असताना वहिनी म्हणाली, "भावजी, सकाळपासनं काहीतरी म्हणायलेत. मला समजंना." मी पलंगापाशी गेलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, ओळखलं, आणि तोंड वाकडं करून, मोठ्या कष्टानं एक शब्द काढला.

"गाडी?"

लकव्यानंतरचा त्याचा पहिला शब्द. मी काय सांगणार होतो? ज्या जागेवर तू झोपलायस तिथंच ती कापली, असं? मी म्हणालो, "उदगीरला ठेवलीय दादा. तुझ्या मित्राकडं. अगदी व्यवस्थित आहे." वहिनी चहाचं आधण बघायला वर गेली.

तिथून पुढं मी दर रविवारी जायला लागलो. माझ्या गैरहजेरीत कुणी खरं सांगेल अशी मला धास्ती होती. नांदेडहून सकाळची एसटी, लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर. येऊन-जाऊन सात तास. आठवड्यातला सुट्टीचा एक दिवस, तोही असा. आणि दर रविवारी मी चप्पल काढायच्या आत त्याचा प्रश्न यायचा. "गाडी?" मग मी उदगीरची खबर द्यायचो. ताडपत्री घातलीय. चाकांखाली विटा दिल्यात, टायर उचलून ठेवलेत. बॅटरी काढून घेतलीय. मध्ये एकदा मुंगसानं सीटमध्ये घर केलं होतं, ते मित्राच्या बायकोनं हुसकावलं. खोटं बोलणं एका वाक्याचं काम असतं असं मला वाटायचं. तसं नाही. त्याची रोज झाडलोट करावी लागते. एका रविवारी मी ताडपत्री हिरवी म्हणालो आणि पुढच्या रविवारी निळी. भावानं नुसतं बघितलं. मी लगेच दुसरी ताडपत्री आणली. त्या उदगीरच्या आवारात मी मनानं इतक्यांदा गेलो की तिथली कडुलिंबाची सावली कुठल्या वेळी कुठं पडते हेही मला दिसायला लागलं होतं.

असे तीन महिने गेले. मग एका रविवारी त्यानं दुसरा शब्द जोडला. "फोटो."

आधी मी मित्राच्या मोबाइलवर ढकललं. मग रेंजवर. मग मित्राच्या मेव्हण्याच्या लग्नावर. शेवटी नांदेडच्या वाटेवर एसटीच्या खिडकीला डोकं टेकून बसलो असताना मला वाटलं, माझ्या हातात कला आहे. जिवंत दाताशेजारी मी असा दात बसवतो की घरच्यांनासुद्धा ओळखू येत नाही. मग एक गाडी का नाही? लहान करायची, मोकळ्या रानात मातीवर ठेवायची, मोबाइल जमिनीला लावून फोटो काढायचा. फोटोत लहान-मोठं कुणाला कळतंय?

हे काम मला अकरा महिने पुरलं. डॉक्टर दुपारी दवाखाने बंद करून जेवायला-झोपायला जातात, तेवढे दोन तास माझे. झोपायची गरज मलाच जास्त होती. पण मी बसायचो. मोबाइलवर परदेशातले लोक दिसायचे, स्वच्छ टेबलं, डबे भरून सुटे भाग, बसवायचे आणि रंगवायचे. माझ्या गाडीचे सुटे भाग कुठल्याच डब्यात मिळणार नव्हते. माझ्याकडं होतं मेण, प्लास्टर आणि कवळीचं अ‍ॅक्रिलिक.

कवळी कशी होते ते सांगतो, कारण गाडीही तशीच झाली. आधी मेणात घडवायची. मग ती पितळी डबीत प्लास्टरमध्ये पुरायची, त्या डबीला आम्ही फ्लास्क म्हणतो. उकळत्या पाण्यानं मेण वितळवून काढायचं, राहिलेल्या पोकळीत अ‍ॅक्रिलिक भरायचं, पुन्हा पाण्यात शिजवायचं. फ्लास्क माणसाच्या जबड्याच्या मापाचा. त्यात चार इंचांच्या वर काही मावत नाही. म्हणून मी खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाचं माप धरलं आणि सांगाडा तीन भागांत करायचा ठरवला. बॉनेट, मधला भाग, मागचा भाग. तिन्ही मेणात कोरून टेबलावर ओळीनं ठेवले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गाडी शेडमधून बाहेर पडली ती अशीच. मी टेबलावर फडकं टाकलं आणि आठवडाभर त्या बाजूला गेलो नाही.

माप घ्यायला माझ्याकडं एकच धड फोटो होता, एका वरातीचा. पुढच्या चाकाचा टायर सोळा इंचाचा हे मला पाठ होतं, कारण तो मीच एकदा पंक्चर काढायला ढकलत नेला होता. त्यावरून बाकीची मापं काढली. पहिलं बॉनेट वाकडं निघालं. घाईनं फ्लास्क नळाखाली धरला, गरम अ‍ॅक्रिलिकला गार पाणी सोसत नाही. हे मी शिकाऊ पोरांना तीस वर्षं सांगत आलोय. दुसरं बॉनेट सरळ आलं. सगळं गुलाबी. माझ्याकडं हिरडीच्या रंगाचंच अ‍ॅक्रिलिक असतं, त्यात रक्तवाहिन्यांसारखे लाल बारीक धागेही असतात. अर्धवट जोडलेली ती गाडी टेबलावर उभी असताना एक डॉक्टर आत आले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा पेशंट कोणाचा?" मी हसलो नाही. हसण्याइतकं त्राण नव्हतं.

पुढची चाकं सलाइनच्या बाटलीच्या रबरी बुचांची झाली. मागच्या मोठ्या चाकांसाठी नळाच्या दुकानातून रबरी वायसर आणले आणि एकावर एक चिकटवले. धुराड्यासाठी दात सरळ करायची तार. बंपर मात्र मी दाताच्या टोपीच्या धातूत ओतला आणि बफच्या फिरत्या चाकावर असा घासला की त्यात माझा चेहरा दिसला. चेहरा काही बघण्यासारखा नव्हता. चार थर निळा रंग मारला. अकराव्या महिन्यात गाडी उभी राहिली. मी तिच्याकडं बघितलं आणि मला आनंद होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. फक्त वाटलं, सुटलो.

त्या रविवारी मी गाडी कापसात गुंडाळून, खोक्यात घालून, कापडी पिशवीत घेतली आणि शिरूर ताजबंदला एसटीतून उतरलो. तिथून उदगीरचा रस्ता फुटतो. म्हटलं, फोटो काढायचाच तर निदान उदगीरच्या बाजूची माती तरी खरी असू दे. खोट्यातही मला प्रामाणिकपणा पाहिजे होता. थोडं चालून एका कापलेल्या ज्वारीच्या रानात शिरलो. गाडी ठेवली, मागं खरं आभाळ, दूर खरी बाभळ. मोबाइल जमिनीला टेकवायचा तर मलाही जमिनीला टेकावं लागत होतं. पोटावर पालथा पडलो. धसकटं टोचत होती, ऊन वर आलं होतं, आणि फोटोत गाडीशेजारचं प्रत्येक ढेकूळ डोंगराएवढं दिसत होतं. हातानं माती चाळून सपाट केली, पुन्हा पडलो. अशी तीसेक वेळा उठबस केली.

बांधावरून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. ती थांबली. "ओ बापू, पडलाव का? उठवू का?"

"नाही मावशी, फोटो काढतोय."

तिनं गाडीकडं बघितलं, माझ्या मातीनं भरलेल्या पोटाकडं बघितलं. "कशाचा? ह्या खेळण्याचा? लेकरू कुठाय मग?"

लेकरू नाही, असं सांगितल्यावर ती पुढं गेली. थोडं गेल्यावर वळून पुन्हा एकदा बघितलं. मला स्वतःची इतकी कीव कधी आली नव्हती.

एक फोटो जमला. खरंच जमला. लातूरची एसटी धरली, उभ्यानं गेलो, दुपार टळता टळता पोहोचलो. त्याचा प्रश्न यायच्या आत मी मोबाइल पुढं केला. "घे दादा. उदगीरहून आला फोटो."

त्यानं मोबाइल डाव्या हातात घेतला. खूप वेळ बघितलं. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर पिशवी मांडीत घेऊन बसलो होतो. वहिनीनं पाणी आणून दिलं. त्याचा अंगठा पडद्यावर एका जागी थांबला.

"डावा," तो म्हणाला.

"डावा काय?"

"मडगार."

"काय झालं मडगार्डला?"

"सारखे."

मला क्षणभर कळलं नाही, आणि मग सगळं कळलं. डावा मडगार्ड मूळचा नव्हता. मूळचा त्या गोठ्यातच सडून गेला होता, म्हणून भावानं तेलाच्या बॅरलचा पत्रा ठोकून नवा केला होता. तो उजव्यापेक्षा आखूड आणि चपटा होता, आणि बॅरलची गोल कडी त्यावर शेवटपर्यंत उमटून दिसायची. वरातीच्या फोटोत डाव्या बाजूला बँडवाले उभे होते, ती बाजू दिसतच नव्हती. मी काय केलं? उजवा बघून डावा केला. कवळी करणारा हेच करतो. उजवीकडं जसा सुळा तसाच डावीकडं, माप लावून, तंतोतंत. तीस वर्षं माझे हात आपोआप तेच करत आले आहेत. त्या हातांनी भावाची ओळखीची खूणच पुसून टाकली होती, आणि अकरा महिन्यांत मला एकदाही शंका आली नव्हती.

"उन्हामुळं तसं दिसतंय," मी म्हणालो.

"न्हाई."

"दादा, मोबाइलच्या फोटोत येतं तसं कधी कधी."

"न्हाई. सारखे."

माझ्या शर्टात धसकटं होती. पाठ ठणकत होती. संध्याकाळी पुन्हा साडेतीन तास एसटीत बसायचं होतं. माझा तोल गेला. "अरे, अकरा महिने घातलेत मी त्याच्यात, अकरा महिने, आणि तुला एक मडगार्ड..."

तिथं मी थांबलो. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं. वहिनी दारात उभी होती, ती तिथंच उभी राहिली.

भावानं मोबाइल चादरीवर ठेवला. माझ्या मांडीतल्या पिशवीकडं बघितलं. मी ती ज्या तऱ्हेनं धरली होती त्यावरूनच त्याला कळलं असणार.

"पिशवीत काय हाय?"

दीड वर्षातलं त्याचं ते पहिलं पूर्ण वाक्य. एरवी मी आनंदानं वहिनीला हाक मारली असती. मी मान खाली घालून खोकं उघडलं, कापूस काढला आणि गाडी त्याच्या हातात दिली.

त्यानं ती पोटावर ठेवली आणि एका हातानं चाचपली. छतावरून बोट नेलं, जिथं त्यानं चार बोटं कापलं होतं. धुराडी मोजली. बंपरवर अंगठा घासला. चादरीवर पुढं-मागं ढकलून चाकं फिरतात का बघितलं. फिरत होती. मग गाडी उलटी केली. खालच्या बाजूला मी रंग दिला नव्हता, तिथं तांबड्या धाग्यांचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक तसंच होतं. त्याचं अर्धं तोंड हललं. "हिरडी," तो म्हणाला. तो हसत होता. मला रडू आलं, आणि ते मी थांबवलंही नाही.

"दादा, उदगीरला गाडी नाही."

"म्हाईत हाय."

मी वहिनीकडं बघितलं. तिनं मान हलवली, मी न्हाई सांगितलं म्हणून.

भावानं हात वर केला आणि छताकडं बोट दाखवलं. वरची खोली. "कटर," तो म्हणाला. मग शब्द सापडेपर्यंत थांबला. "ऐकलो." आणि दोन बोटं वर केली. दोनदा कटर चालला होता. दोन घाव, तीन तुकडे. त्यानं मोजले होते.

जन्मभर ह्या माणसानं लांबून येणाऱ्या जीपच्या आवाजावरून सांगितलं होतं की तिसऱ्या गिअरचा दात गेलाय. आणि मी मानून चाललो होतो की बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही. टीव्हीच्या आवाजाखालून, पडल्या पडल्या, हात हलवता येत नसताना, त्यानं आपली गाडी कापली जाताना ऐकली होती. खाली कोण उभं आहे तेही ऐकलं असणार, मी त्या शेजाऱ्यावर ओरडलो होतो. मला शरम वाटली. एवढी शरम की तिच्यापुढं थकवासुद्धा कमी झाला.

पण खरं सांगायचं तर थोडा रागही आला. चौदा महिने ह्यानं मला बोलू दिलं होतं. ताडपत्री, विटा, मुंगूस, सगळं निवांत ऐकून घेतलं होतं.

"म्हाईत होतं, तर दर रविवारी विचारत का होतास?" मी म्हणालो.

त्याला उत्तर माहीत होतं, शब्द जुळत नव्हते. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. वहिनी पुढं येऊन त्याची हनुवटी पुसायला लागली, तर त्यानं डाव्या हातानं तिला बाजूला केलं.

"इचारलं..." तो म्हणाला. मग दम खाल्ला. "की... तू यायलास."

लकव्याच्या आधी मी लातूरला वर्षातून एकदा यायचो, ते चौदा एप्रिलला, तेही मिरवणूक संपली की संध्याकाळच्या गाडीनं परत. लकव्यानंतर महिन्यातून एकदा, तेही हातातल्या घड्याळाकडं बघत. दर रविवारी यायला लागलो ते खोटं सांभाळायला. ते त्याला पहिल्या रविवारपासून कळलं होतं, आणि त्यानं ते चालवून घेतलं होतं. माझ्याकडून तेवढंच मिळेल, हा त्याचा अंदाज होता. अंदाज बरोबर होता.

वहिनीनं चहा आणला. तिघांनी घेतला. त्याचा तिनं बशीत गार करून पाजला. गाडी त्याच्या उशाशी ठेवली होती, एकसारख्या दोन मडगार्डांची. त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

"आता?" त्यानं विचारलं.

आता विचारायला प्रश्न राहिला नव्हता आणि सांभाळायला खोटं राहिलं नव्हतं. तो काय विचारतोय हे मला नीट कळलं. येईन की दादा, असं मी म्हणालो. म्हणालो हे खरं आहे. पण ते तोंडातून निघायला वेळ लागला. पहाटेचं स्टँड, सात तासांचा प्रवास, पाठ, सोमवारच्या कवळ्या, एवढं सगळं मध्ये माझ्या डोक्यातून जाऊन आलं. फार नाही, दोन-तीन श्वासांचा वेळ गेला असेल. तेवढा वेळ भाऊ माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. मान जराशी कलती करून तो ऐकत होता.